मोहाची रोपं कुणाच्या अंगणात?

कॉलनीकरांनो, वाचनालयाच्या या फलकावर आज जरा दमूनच लिहितोय.

कॉलनीतल्या नव्या बागेच्या आराखड्यात मी पळस, मोह, चारोळी अशी इथलीच झाडं घातली होती. दुपारच्या बैठकीत साहेबांनी त्यांवर फुली मारली. म्हणाले, "बाहेर जंगल काय कमी आहे? बागेत गुलमोहर लावा." तासभर वाद घातला. शेवटी कोपऱ्यातला एकच मोह वाचला.

बाहेर पायरीवर जनाबाई बसल्या होत्या. माझ्याच सांगण्यावरून त्या जंगलातल्या गावाहून ओल्या पोत्यात मोहाची आठ रोपं घेऊन बसने आल्या होत्या. एकच लागेल, हे सांगताना माझी मान वर होईना.

"परत नेले तं बसमधीच मरतीन, भाऊ," त्या म्हणाल्या. "इथीच कुठी लावा. पण मोहाले फुलं याले लई वर्सं लागतात. तोवर तुमची बदली होऊन जाईन."

सात रोपं आता माझ्या क्वार्टरमागे मोरीपाशी ठेवली आहेत. माझ्या अंगणात दोनच मावतील. उरलेली पाच कोण नेईल? आणि तुमची बदली झाली, तर तुमच्या घरात नंतर येणाऱ्याला 'हे झाड तोडू नका' एवढं सांगून जाल का?