वंदना म्हात्रेची पट्टी

अरविंद केळुसकर गेल्याचं कळलं ते आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. त्याच्या वरचा मेसेज पाण्याची टाकी धुण्याबद्दल होता. मजकूर दोन ओळींचा... तिसऱ्या मजल्यावरचे, निवृत्त संगीतशिक्षक, हृदयविकाराचा झटका, अंत्ययात्रा अकरा वाजता. बातमीदारीत आयुष्य गेलेल्या माणसाला अशा मजकुरात काय राहिलं ते आधी दिसतं. वय राहिलं होतं. मी ‘एकाहत्तर’ एवढं टाइप करून पाठवलं आणि मग खुर्चीवर बसलो. दोन वर्षांपासून अरविंदचं एक काम माझ्याकडे होतं. ते झालं नव्हतं.

पनवेलच्या एका प्राथमिक शाळेत त्याने तेहतीस वर्षं संगीत शिकवलं. आठवड्याला प्रत्येक वर्गाला एक तास, आणि परीक्षा जवळ आली की तोही गणिताला जायचा. स्वतंत्र खोली कधीच नव्हती. कधी जिन्याखाली, कधी प्रयोगशाळेत, पावसाळ्यात ओल्या छत्र्यांच्या व्हरांड्यात. त्याला बसून शिकवता येत नसे. स्वतःची पेटी बाकावर ठेवून उभ्याने वाजवायचा, एका हाताने भाता, एका हाताने सूर, आणि मधेच दोन्ही सोडून मुलांमध्ये फिरायचा, कोण गातंय ते कान लावून बघायला. पहिलीतल्या एकाने विचारलं होतं, “सर, तुम्ही सोडून गेलात की पेटी रडायची थांबते, ना?” हा किस्सा तो आम्हाला सांगायचा तेव्हाही उभाच असायचा. खांदा कॉलनीत आम्ही पंचवीसहून जास्त वर्षं शेजारी होतो. माझ्या घरात तो पूर्ण कप चहा बसून प्यायल्याचं आठवत नाही.

ज्या गोष्टीमुळे हे लिहितो आहे ती समूहगीताच्या स्पर्धेतली. चौथीतल्या वीस मुलांचा गट होता. त्यात सुकापूरची वंदना म्हात्रे, मागच्या ओळीत डावीकडून तिसरी. तिचा सूर लागत नव्हता, आणि स्पर्धेला चार दिवस उरले होते. अरविंदने तिला बाजूला घेऊन सांगितलं, “तू फक्त ओठ हलव. आवाज काढू नकोस.” तिने तसं केलं. शाळेला दुसरा क्रमांक मिळाला. त्या दिवसाच्या फोटोत वीसही तोंडं उघडी आहेत. कोणतं मुकं आहे ते ओळखता येत नाही. असं सांगणारा तो एकटा नव्हता. स्पर्धा असली की बहुतेक शाळांत हे चालतं, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. त्यालाही तेव्हा वाटलं नव्हतं.

चार वर्षांनी त्याचा घसा बसला. डॉक्टरांनी महिनाभर गाणं बंद केलं. वर्ग तर घ्यायचा होता. त्याने मुलांना सांगितलं, तुम्हीच सुरू करा, मी मागून पेटी धरतो. मुलांनी सुरू केलं आणि अरविंदला पेटीवर त्यांच्या सुराची जागा शोधावी लागली. रोजची जागा नव्हती. त्याचा स्वतःचा ‘सा’ काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा. चोवीस वर्षं तो सगळ्या वर्गांना तिथूनच गायला लावत होता. त्याच्या गळ्याला ती पट्टी सोयीची होती. बऱ्याच मुलांना ती एकतर फार खाली पडे, नाहीतर फार वर. मुलांनी आपली आपण निवडलेली जागा काळी चारच्या आसपास होती, आणि तिथे ज्या चौघांना त्याने बेसूर म्हणून मागे बसवलं होतं, ते सुरात गात होते.

त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला. बोलायची परवानगी नसताना बसक्या आवाजात बोलत राहिला, दारापासून गॅलरीपर्यंत फेऱ्या मारत.

“चोवीस वर्षं मी माझ्या गळ्यासाठी पेटी वाजवली रे. पोरांना वाटलं, दोष त्यांचा.”

“आता कळलं ना? बदल मग.”

“बदलीन. पण त्या म्हात्रेच्या पोरीला मी गप्प केलं. तिला कोण सांगणार?”

दुसऱ्या दिवशी त्याने काळी चारवर बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. ती सुरुवातीची जागा. मग प्रत्येक मुलाला एकेकट्याने गायला लावून ज्याची त्याची पट्टी शोधायची आणि वहीत नावासमोर लिहायची, असा क्रम निवृत्तीपर्यंत चालला. वहीला सुतळीने पेन्सिल बांधलेली असे. पहिल्या पानावर पहिलं नाव वंदना म्हात्रे. समोरचा रकाना कोरा.

तिला शोधायला तो स्वतः गेला होता. सुकापूरला तिच्या घराच्या जागी इमारत उभी होती. चौकशी केली की लोक विचारत, काय काम आहे? हा ‘काही नाही’ म्हणून परत फिरे. मी निवृत्त झाल्यावर त्याने ते काम माझ्यावर टाकलं. “माणसं शोधायचा पगार घेत होतास ना? आता एक फुकट शोध.” मी हो म्हटलं. नंतर जिन्यात भेटला की त्याचा प्रश्न ठरलेला, “काही कळलं?” माझं उत्तर ठरलेलं, “बघतोय.” वस्तुस्थिती अशी की मी एक फोन केला होता आणि तो कुणी उचलला नव्हता. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा शब्द कोण लक्षात ठेवतं, असं मला वाटत होतं.

तेराव्यानंतर आठवड्याभराने मी सुकापूरला गेलो. किराणा दुकानदाराने तिच्या चुलतभावाचा नंबर दिला, भावाने जासईचा पत्ता दिला. सगळ्या शोधाला एक दुपार लागली.

वंदना आता ठाकूर आहे. कंटेनर यार्डाच्या ऑफिसात गाड्यांच्या नोंदी करते. मी कोण, कशासाठी आलो ते सांगितलं, तेव्हा ती हसली.

“एवढ्यासाठी तुमी पनवेलवरनं आलात?”

“तुम्हाला आठवतं का ते?”

“आठवतं म्हंजे? मला गळाच नाय, असंच धरून चालले मी. लग्नात हळदीला बायका गातात, मी ताटं लावते. पोरीला झोपवायला मोबाइल लावते.” मग तिने विचारलं, “सर कधी गेले?”

“तीन आठवडे झाले.”

“मग चार आठवड्यांपूर्वी का नाय आलात?”

बाहेर ट्रेलर मागे घेतला जात होता, त्याचा भोंगा वाजत होता. मी पट्टीची हकीकत तेवढी सांगितली. ती ऐकत होती, पण हात कीबोर्डवर होता. “त्यांनी यायला पायजे होतं,” एवढंच म्हणाली. मी केळुसकरांचा पत्ता लिहून ठेवला आणि निघालो.

पुढच्या रविवारी ती आली, न कळवता, पहिलीतल्या मुलीला घेऊन. अरविंदच्या बायकोने, सुनीता वहिनींनी, मला खाली बोलावलं. पेटी खिडकीपाशी बाकावरच होती. वहिनींनी भाता धरला. मुलीने कुणी न सांगता लाल ठिपक्यावर बोट ठेवलं आणि शाळेतली प्रार्थना म्हटली, मोठ्याने, थोडी घाईत.

वंदना वहीचं पहिलं पान बघत होती. मग तिने विचारलं, “माझी कुठली?”

ते सांगणारा माणूस त्या घरात नव्हता. वहिनी म्हणाल्या, “एकेक दाबून बघ गं.” ती बसली नाही. उभ्यानेच काळी एकपासून एकेक पट्टी दाबत वर गेली, तोंड मिटलेलं. ठिपक्याच्या अलीकडे एका पांढऱ्या पट्टीवर थांबली आणि बोट बराच वेळ तिथेच ठेवलं. मुलगी म्हणाली, “आई, गा ना.”

वहिनींनी पेन्सिल हातात घेतली. “लिहू?”

“नको,” वंदना म्हणाली. “आदी गाऊन बघते. घरी.”

रकाना अजून कोरा आहे. वहिनींनी पेटीचं झाकण त्या दिवसापासून लावलेलं नाही. जिन्यात तिसरा मजला आला की माझी पावलं आपोआप जलद होतात, प्रश्न विचारणारं कुणी नसताना.