भर उन्हातली विचारपूस

होळी होऊन आठवडाही झाला नव्हता आणि पुण्यात दुपारचे रस्ते ओस पडायला लागले होते. मी तेव्हा एका रेडिओ केंद्रावर हंगामी निवेदिका होते, अजूनही आहे. सकाळच्या पाळीत हवामानाचं निवेदन माझ्याकडे असायचं. वेधशाळेकडून आलेला मजकूर समोर ठेवायचा, सोप्या मराठीत करायचा आणि एका मिनिटात वाचायचा. त्या आठवड्यात रोज तेच होतं. मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी उष्णतेची लाट, विदर्भात रात्रीही उकाडा, दक्षिणेकडे कुठे कुठे मेघगर्जनेसह हलका पाऊस. पुणे आणि परिसरात आकाश निरभ्र. हा उन्हाळा नेहमीपेक्षा कडक राहील, असा हंगामाचा अंदाजही त्याच दिवसांत आला. ते 'राहील' वाचताना मला नको व्हायचं. एप्रिल-मे अख्खे पुढे पडले होते.

मला त्या दिवसांत काही सुचत नव्हतं. पुस्तक उघडलं की मिटावंसं वाटे, झोपलं की उठावंसं. दिवसातून दहा वेळा मी फोनवर तापमान बघायचे, जणू मी बघितल्यानं ते उतरणार होतं.

घरी मी आणि बाबा, दोघंच. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडलं आणि जवळच एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. आई गेली तीही तिथेच. बाबा मूळचे वर्ध्याकडचे. पन्नास वर्षं पुण्यात काढूनही पुण्याच्या उन्हाला ते ऊन म्हणायला तयार नव्हते.

"तुमच्या पुण्यात चाळीस झालं की बातमी होते," ते म्हणायचे. "आमच्याकडे चाळीसला लग्नं लागतात."

"बाबा, तुमचं वय शहात्तर आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे."

"ती मी वेळेवर घेतो."

एवढ्यावर विषय संपायचा.

त्या बुधवारी निवेदन थोडं कमी भरलं. दहा-बारा सेकंद उरत होते. कार्यक्रम अधिकारी काचेपलीकडून म्हणाले, काळजी घेण्याचं एखादं वाक्य जोडा. दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका, हे होतंच. मी घाईत पेन्सिलीनं पुढे लिहिलं : आपल्या ओळखीत कुणी वृद्ध एकटे राहत असतील, तर त्यांची विचारपूस करा. वाचलं आणि विसरले.

साडेबाराला घरी फोन केला. कुणी उचलला नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा केला. बाबा मोबाईल चार्जिंगला लावून विसरतात हे मला माहीत होतं, तरी धीर धरवेना. मग शेजारच्या काकूंना लावला.

"तुमचे वडील अकराला बाहेर पडले," त्या म्हणाल्या. "डोक्याला पंचा, खांद्याला पिशवी. मी विचारलं, एवढ्या उन्हाचं कुठे? तर म्हणाले, बाहेर."

मी उरलेलं काम दुसरीकडे सोपवून निघाले. स्कूटरचं सीट इतकं तापलं होतं की वर ओढणी घालून बसावं लागलं. सिग्नलला थांबले की डांबराची वाफ तोंडावर यायची, म्हणून लोक झाडाची सावली गाठून सिग्नलच्या बरेच अलीकडे थांबत होते. मला थांबणंच सहन होत नव्हतं.

आधी विहारात गेले. जयंतीच्या तयारीची बैठक त्या आठवड्यात होती, बाबांना वाटलं असेल आजच. विहाराला कुलूप होतं. मग बँकेत पाहिलं, मग कारखान्याच्या जुन्या गेटजवळच्या चहावाल्याकडे. शेवटी स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडवर एक रिक्षावाला सावलीत डबा खात होता, त्याला वर्णन सांगितलं.

"पंचावाले आजोबा? येरवड्याला चला म्हणत होते. कुणी तयार झालं नाही, तर चालत गेले."

"चालत? तुम्ही का नाही नेलंत?"

"मी तेव्हा झोपलो होतो, मागून कळलं," तो म्हणाला आणि त्यानं पोळीचा घास मोडला.

येरवडा म्हटल्यावर मला सगळं कळलं, आणि माझी चिंता होती तिथेच राहिली, पण तिला संतापही येऊन मिळाला.

येरवड्याला काका राहत होते. काका म्हणजे बाबांच्या गावाशेजारच्या गावचे. दोघं एकाच दिवशी, एकाच डब्यातून पुण्याला आले, एकाच कारखान्यात लागले. आमचं क्वार्टर आणि त्यांचं क्वार्टर यांत एक भिंत होती. त्यांची मुलगी आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. काका आमच्या घरी आठवड्यातून दोनदा तरी जेवायचे. आईच्या हातच्या झणझणीत रश्श्यासाठी स्वतःहून ताट ओढायचे. अशी सदतीस-अडतीस वर्षं गेली. मग बारा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. कारखान्यातल्या सगळ्यांना पत्रिका गेल्या. आमच्याकडे आली नाही. बाबांनी चार दिवस वाट पाहिली, आईनं आहेराची साडी आणून ठेवली होती. लग्नाच्या दिवशी आई साडी परत कपाटात ठेवत म्हणाली, "आपल्या घरात जेवायला त्यांना अडचण नव्हती. आपण त्यांच्या मांडवात अडचण आहोत."

त्यानंतर बाबांनी त्यांचं नाव काढलं नाही. मागच्या नोव्हेंबरात मात्र हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते, तिथून आल्यावर चपला काढता काढता म्हणाले, "त्याची बायको गेली. येरवड्याला एकटाच असतो म्हणे. शाळेमागे, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं होतं.

आता होळकर पूल ओलांडताना खाली नदीकडे बघवत नव्हतं. पाणी जवळपास नव्हतंच, हिरवट चिखल आणि त्यावर पांढरं ऊन. शहात्तर वर्षांचा माणूस या पुलावरून चालत गेला, या विचारानं मी स्कूटर हळू करून सगळा फुटपाथ न्याहाळत होते. जेलजवळच्या रस्त्यावर दोन शाळा निघाल्या. कोणत्या शाळेमागे? एका किराणा दुकानात विचारत होते तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी आहे," बाबा म्हणाले. "मला काही झालेलं नाही. दवाखान्यात ये. येताना एक चादर आण." दवाखान्याचं नाव सांगून त्यांनी फोन ज्याचा होता त्याला परतही दिला असावा, कारण माझं बोलणं पुढे कुणी ऐकलं नाही.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बाबा बसले होते. चेहरा काळवंडलेला, ओठ सुकलेले, सदरा पुढून ओलाचिंब. पंचा आत काकांच्या कपाळावर होता. काका कॉटवर होते, हाताला सलाइन. मी त्यांना बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. मला आठवत होता तो दंडाच्या बेटकुळ्या दाखवणारा माणूस. हा कुणीतरी हाडं मोजून ठेवलेला म्हातारा होता.

बाबांनी जे घडलं ते तुटक तुटक सांगितलं. दार आतून लोटलेलं होतं. ढकललं तर आतून भट्टीसारखी झळ आली. पंखा चालू होता आणि पत्र्याचीच गरम हवा खाली फेकत होता. काका जमिनीवर होते, डोळे अर्धे उघडे, काहीतरी बडबडत होते, बाबांना कुणा भलत्याच नावानं हाक मारत होते. बाबांनी माठातलं पाणी त्यांच्या अंगावर ओतलं. मग गच्चीवर जाऊन खाली हाका मारल्या. दोन मजले खालच्या बिऱ्हाडातले दोघं वर आले, त्यांनी उचलून खाली नेलं.

डॉक्टर तरुण मुलगी होती. "ऊन लागलंय, क्षारही कमी झालेत," ती म्हणाली. "वेळेत आणलंत. तुम्ही कोण यांचे?"

बाबांनी क्षणभर विचार केला. "ओळखीचा," ते म्हणाले.

मग तिनं बाबांचाही रक्तदाब मोजला, भुवया उंचावल्या आणि त्यांनाही साखर-मिठाचं पाणी प्यायला लावलं. ती गेल्यावर मी म्हणाले, "काही झालं असतं तर? तुम्हाला मी रोज काय वाचून दाखवते?"

"तूच वाचलंस ना, विचारपूस करा म्हणून."

ते वाक्य मी कुणासाठी लिहिलं होतं, याचा मी विचारच केला नव्हता.

संध्याकाळी काकांनी नीट डोळे उघडले. बराच वेळ बाबांकडे पाहिलं.

"तू काऊन आला?" ते म्हणाले. इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडी तीच गावाकडची बोली होती.

"रेडिओवर सांगितलं, एकट्या म्हाताऱ्यांकडे जा."

"बारा ते चार बाहेर पडू नका, हे नाही सांगितलं का?"

"सांगितलं. मी अकराला निघालो."

काकांचे ओठ हलले. हसू होतं की काय, मला कळलं नाही. मग त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

दोन दिवसांनी त्यांना सोडलं. डॉक्टरनं सांगितलं, त्या खोलीत परत पाठवू नका. काकांची मुलगी नाशिकला होती, तिच्या मुलाची परीक्षा चालू होती, दहा-बारा दिवसांत येते म्हणाली. बाबा रिक्षावाल्याला म्हणाले, "खडकी." मला त्यांनी विचारलं नाही आणि मला ते आवडलंही नाही. मी दोन दिवस काकांशी कामापुरतंच बोलले. पाणी घ्या. गोळी झाली का. आमची माणसं ज्या मांडवात चालली नाहीत, त्या मांडवाच्या मालकाला मी सकाळ-संध्याकाळ ताक देत होते आणि घरभर फिरत होते. बसवत नव्हतं मला. पडदे ओले करायचे, ते अर्ध्या तासात वाळायचे, पुन्हा ओले करायचे. निवेदनात मी रोज सांगत होते, पुढील पाच दिवस तापमानात विशेष बदल नाही.

ते दोघं मात्र कूलरवरून भांडत होते. एकाला खिडकी उघडी हवी, दुसऱ्याला बंद. ही भांडणं चालू असताना दोघांचा आवाज मला लहानपणी भिंतीपलीकडून यायचा तसा ऐकू यायचा.

एका दुपारी मी आतल्या खोलीत होते. त्यांना वाटलं मी झोपलेय.

"लग्नाचं..." काका म्हणाले. मग थांबले. "पाहुणे जुन्या वळणाचे होते. बायको म्हणाली, उगाच शोभा होईल."

"तिला मधी आणू नको," बाबा म्हणाले. "ती गेली. पत्रिका तू वाटत होता."

"हो," काका म्हणाले. "मीच वाटत होतो."

"माफ केलं बिफ केलं मी म्हणणार नाही. माझ्या बायकोनं साडी आणून ठेवली होती. तिला मी काय सांगितलं असेल, तू विचार कर." बाबा थोडे थांबले. "ऊन आहे तोवर राह. पाणी पी."

मी पलंगाच्या कडेला बसून राहिले, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा उठून येरझारा घालाव्यात असं वाटलं नाही.

बाराव्या दिवशी मुलगी आली. दुपारपासून ढग जमले होते, वारा पडला होता, घुसमट आणखी वाढली होती. ती जाड झाली होती, केस पांढरे होऊ लागले होते. दारात आम्ही दोघी अवघडून उभ्या राहिलो. मी चहा टाकला. ती स्वयंपाकघरात माझ्या मागे आली.

"काकांचे उपकार कसे फेडू," ती म्हणाली. माझ्या बाबांना ती काका म्हणायची. मग हळू आवाजात, "एक विचारू? माझ्या लग्नाला का आला नाहीत? बाबा म्हणाले, पत्रिका दिली पण काकांनी घेतली नाही. मी बारा वर्षं तुझ्यावर रागावले होते. मांडवात सारखी दाराकडे बघत होते."

माझ्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. खरं सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण हॉलमध्ये काका पिशवी भरत होते आणि घर एवढंसं की त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. ते भिंतीला धरून स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"मी दिलीच नव्हती," ते म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला का ते सांगावं लागलं नाही. ती ओट्याला टेकली आणि बराच वेळ गॅसच्या ज्योतीकडे बघत राहिली. मीही गॅस बंद केला नाही. चहा कडू होईपर्यंत उकळला आणि आम्ही तो तसाच प्यायलो.

जाताना तिनं बाबांच्या पायांना हात लावला. स्वतःच्या वडिलांची पिशवी तिनं घेतली, औषधं नीट विचारून घेतली, त्यांचा हात धरून जिना उतरवला, पण त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. त्या संध्याकाळी पाऊस आला नाही. ढग तसेच पूर्वेकडे सरकले.

काका आता नाशिकला तिच्याकडेच असतात. येरवड्याची खोली सोडली. ती मला अधूनमधून फोन करते. सुरुवातीला आम्ही फक्त तब्येतींबद्दल बोलायचो, आता शाळेतल्या बाईंबद्दल, केस गळण्याबद्दल, कशाबद्दलही. मधेच कधीतरी ती विचारते, "काकांना बोलायचंय का माझ्या बाबांशी?" मी बाबांकडे बघते. ते मान हलवतात, नको. पण माझा फोन वाजला आणि ती असली, की ते टीव्हीचा आवाज कमी करतात.