खिडकीजवळची कॉट

मच्छीमार नगरात वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला की लोकांना भूक लागते. माझं डोकं फिरतं.

कॉलेजला नुकताच प्रवेश मिळाला होता. गिरगावातल्या वसतिगृहाच्या रेक्टरांनी खिडकीजवळची कॉट दाखवली. "ही तुझी," म्हणाले. रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून बाबांनी गावाहून आणलेली सुक्या बोंबलांची पुडी कौतुकाने त्यांच्या टेबलावर ठेवली. रेक्टरांनी खुर्ची मागे सरकवली, नाकाला रुमाल लावला.

"जागा भरल्यात."

त्यांच्यामागे उघड्या दारातून ती कॉट दिसत होती, रिकामी.

पुडी उचलून बाबा जिना उतरले. खाली आल्यावर हळहळत म्हणाले, "साहेबांका बोंबील हलके वाटले रे. कोलंबीचे सोडे आणूक होये होते."