सिंग्युलॅरिटी मराठीत सांगताना

माझी मुलगी सिंग्युलॅरिटीवर संशोधन करते. एखादा तारा स्वतःच्याच वजनाने खचत जातो आणि शेवटी अशी जागा उरते जिथे आपली गणितं बंद पडतात, ती सिंग्युलॅरिटी. बहुधा ती कृष्णविवराच्या आत झाकलेली असते. झाकलेली नसलीच, तर बाहेरच्याला दिसेल का, हा तिचा विषय. एवढं मला पाठ आहे. समजलंय का, ते विचारू नका.

नाताळच्या सुट्टीत ती आमच्या गावी, गिरीजला घरी आली, तेव्हा फादरांनी तिला चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये तिच्या विषयावर बोलायला सांगितलं. इतकी वर्षं बाहेर राहून तिला विज्ञानाचं मराठी सुचेना. "पप्पा, मी इंग्रजीत बोलते, तुम्ही मराठीत सांगा," म्हणाली. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं, म्हणून मी हो म्हणालो.

चर्चमधली मिस्साची प्रार्थना संपल्यावर हॉल भरला. वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ वाकतात, हे मी झोकात सांगितलं. मग ती म्हणाली, उघड्या सिंग्युलॅरिटीजवळून निघालेला प्रकाश बाहेर येईपर्यंत इतका ताणला जाऊ शकतो की त्यातली माहिती शून्यावर येते.

"म्हणजे तिथून काहीच येत नाही," मी लोकांना सांगितलं.

तिने माझ्या बाहीला हात लावला. "तसं नाही, पप्पा. प्रकाश येतो. त्यातून कळत काही नाही."

"मग ती दिसली की नाही?" मी माईकवरच विचारलं.

"आपली शंका जेवढी कमी होते, तेवढी माहिती. इथे शंका होती तेवढीच राहते."

"पण तिथे काहीतरी आहे, एवढं तरी कळलं ना?"

"तसाच प्रकाश साध्या कृष्णविवराच्या कडेहूनही येऊ शकतो. मग काय कळलं?"

तिने माईक माझ्या हातातून घेतला आणि आमच्या घरच्या बोलीत बोलू लागली. आधी लोक हसले, मग कान देऊन ऐकू लागले. मी खाली येऊन बायकोशेजारी बसलो.

"आता कळतंय," बायको म्हणाली.

"काय कळतंय?"

"बोलू नका. ऐका."

मी ऐकलं. एकेक शब्द ओळखीचा होता, पण वाक्य संपलं की हाती काही राहत नव्हतं. घरी येताना मी मुलीला पुन्हा विचारलं, तिने न कंटाळता पुन्हा समजावलं. मी मान हलवली. नक्की कशाला हलवली, ते अजून मला सांगता येत नाही.