मंगलावहिनी रडता रडेनात

नाटकमंडळीत बसलं की किस्से आपोआप साचत जातात, फ्रिजवरच्या चिल्लरसारखे. आमचं मंडळ प्रताप नगरातलं. मी प्रॉम्प्टर, म्हणजे बोलायचं सगळं, दिसायचं काहीच नाही. आणि आमचे हीरो विलासभाऊ, इतवारीतले डाळीचे ठोक व्यापारी!

*

एकदा मी भाऊंसोबत कळमन्याच्या धान्यबाजारात गेलो. दलालानं भाव सांगितला अन् भाऊ छाती धरून पोत्यावर बसले. "आई गं! मले गरगरून राहिलं!" घाबरून दलालानं पाणी आणलं अन् भावही खाली आणला.

संध्याकाळी तालमीत तोच हार्ट अटॅक करायचा होता. भाऊंनी खिशात पेन आहे का बघावं तशी छाती चाचपली.

डायरेक्टर सर कळवळले, "भाऊ, सकाळी केलं तेच करा ना!"

"सकाळी भाव उतरवायचा होता सर. इथं काय उतरवू?"

*

दुसऱ्या एका नाटकात भाऊ उपाशी भिकारी. बाईनं वाटीभर डाळ दिली की पाया पडायचं, एवढंच काम. भाऊंनी दाणा दाताखाली फोडला अन् भर स्टेजवर म्हणाले, "बाई, माल ओला आहे. बदलून आणा."

विंगेत येऊन वर आमच्यावरच तापले, "कोणाच्या दुकानातून आणली बे?"

"तुमच्याच!"

*

भाऊंचं खरं दुखणं म्हणजे मंगलावहिनी. प्रत्येक प्रयोगाला पहिल्या रांगेत, हातात फुटाण्याची पुडी. भाऊ स्टेजवर मरून राहिलेत अन् वहिनींचं कुडुम कुडुम चालू!

भाऊंनी विचारलं, "तुले रडू काहून येत नाही वं?"

"घरी किती मस्त करता तुम्ही! पंखा पुसा म्हटलं की कंबर धरून असे बसता, मलेच वाईट वाटते. तेवढं स्टेजवर करा ना."

भाऊंना ते फार लागलं. त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "हिच्या डोळ्यातून एक टिपूस काढल्याबिगर मी नाटक सोडत नाही!"

सरांनी त्याच दिवशी वहिनींना गाठलं अन् हात जोडले, "वहिनी, प्लीज एकदा रडा!"

"खोटं रडणं मले जमत नाही जी," वहिनी म्हणाल्या.

*

मग आली स्पर्धा. भाऊ म्हातारा बाप. रागानं घर सोडून निघतो, मुलगा "बाबा, थांबा!" म्हणतो अन् बाप परततो. तालमीत भाऊ हाकेआधीच दारात थबकायचे. इतवारीत गिऱ्हाईक पायरी उतरलं की दुकानदार हाक मारतोच, ही सवय!

प्रयोगात मुलगा झालेला पंकज ब्लँक झाला. मी विंगेतून ओरडून राहिलो, "बाबा, थांबा! बाबा, थांबा!" शेवटी पाचव्या रांगेतून कोणी तरी खेकसलं, "अबे, थांबा म्हण ना त्याले!" तरी पंकज ढिम्म. भाऊ दारात कडी काढून राहिले, लावून राहिले. जावं तर नाटक संपते, परतावं तर कोणी बोलवत नाही. बिचाऱ्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

इतक्यात पहिल्या रांगेत वहिनी उठल्या. फुटाणे खाली सांडले.

"अहो, जाऊ नका ना!" अन् पदर तोंडाला लावून ढसाढसा रडल्या.

भाऊ दारातूनच ओरडले, "रडली! सर, मंगला रडली!" अन् आम्ही घाईघाईनं पडदा पाडला.

परीक्षकांना वाटलं, वहिनींना नाटकाचा भाग म्हणून आम्हीच तिथं बसवलं होतं. अभिनयाचं प्रमाणपत्र वहिनींना! भाऊंना काहीच नाही, पण टाळ्या सगळ्यात जास्त त्यांनीच वाजवल्या. माईक वहिनींसमोर धरून परीक्षकांनी विचारलं, "बाई, हे रडणं खरं होतं की अभिनय?"

वहिनींनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ श्वास रोखून उभे होते.

"खरं होतं जी," वहिनी म्हणाल्या, अन् पुन्हा डोळे पुसले.

पार्किंगमध्ये भाऊ डोळे पुसत स्कूटर काढत होते. मी हळूच विचारलं, "वहिनी, खरंच रडल्या का?"

वहिनींनी पर्समधून फुटाण्याची दुसरी पुडी काढली.

"तेव्हाचं सोडा जी. आत्ता माईकवरचं कसं वाटलं?"