थांबतं ते गाणं

आमच्या चिखलीच्या बँडची पहिली तबकडी मी विकत घेतली नाही. घेण्याची गरजही नाही, चारही गाणी मला पाठ आहेत. पण लोकांना त्यातलं एकच हवं असतं. हॉटेलात चहा घेता घेता कोणी तरी ओरडतंच, "थांबते थे लाव बे!"

ते गाणं मध्येच थांबतं. ड्रम, क्लॅरिनेट, विजेची गिटार, सगळं एकदम गप्प. ऐकणारे कप हातात धरून श्वास रोखतात. मग ड्रमची एकच थाप पडते आणि हॉटेल उसळतं.

ते थांबणं माझं आहे.

मी बँडचा पुढारी होतो. मला वाजवता येत नव्हतं, पण लग्नं ठरवायची, बोलणी करायची, हातगाडीवर गिटारचा भोंगा आणि ट्रॅक्टरची बॅटरी चढवायची, हे सगळं माझ्याकडे. तेव्हा वाजंत्र्यांना शेवटी जेवू घालत, वरण थंड आणि पोळ्या वातड. म्हणून वरात मांडवाच्या दारात आली, नाच रंगात आला, की मी हात वर करायचो. बँड बंद. नवरदेवाकडचे पाय उचललेले तसेच. मुलीचा बाप किंवा मामा "पहिली पंगत दिली" म्हणेपर्यंत माझा हात खाली यायचा नाही. एकदा मेहकरकडे शब्द देऊन आम्हाला शेवटीच बसवलं, तेव्हा मी वरणाची बादली लाथाडली. आमचे चौघे वाजवणारे उपाशी परतले. महिन्याभराने मला न सांगता मुंबईला गेले आणि तबकडी काढून आले.

तिथेही सवयीने ते त्याच जागी थांबले म्हणे. चूक झाली होती, पण स्टुडिओतल्या काचेपलीकडच्या साहेबाला ती आवडली. कव्हरवर चौघांचे फोटो आहेत. त्यातला गिटारवाला तर गॉगल लावून बसलाय. त्याला गिटारची पहिली तार मी अकोल्याहून आणून दिली होती.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या भाचीचं लग्न झालं. वरपक्षाने हौसेने तोच बँड आणला. मी मुलीचा मामा, दारात उभा. गाणं त्या जागी आलं आणि थांबलं. गर्दीने शिट्ट्या मारल्या.

"बोला ना मामा, पहिली पंगत!" कोणी तरी म्हणालं.

मी गिटारवाल्याकडे पाहिलं. "कव्हरवर माझा फोटो काऊन नाही बे?"

त्याने गॉगल वर केला. "भाऊ, फोटो वाजवणाऱ्याईचा काढते. तू त थांबवत होता."

सगळा मांडव हसला. माझं डोकं तापलं. दोन शिव्या ओठांवर आल्या. तेवढ्यात ड्रमवाल्याकडे लक्ष गेलं. टिपऱ्या उचलून तो टक लावून पाहत होता, पण माझ्या तोंडाकडे नाही. माझा हात वर गेलेला होता. कधी गेला, मला कळलंच नव्हतं.

मग मी तो तसाच ठेवला. चौघांच्या कपाळावरून घाम ओघळला. गिटारवाल्याचं हसू गेलं. तबकडीवर आहे त्याच्या कितीतरी पट जास्त वेळ मी त्यांना थांबवलं.

"दादा," मागून बहीण म्हणाली, "पोरीले हळद लागली हाय माह्या. तुह्या भांडणापायी मुहूर्त टळू देऊ का मी?"

"पहिली पंगत दिली," मी म्हणालो आणि हात खाली आणला. थाप पडली. मांडव उसळला. पोरांनी ड्रमवाल्याला खांद्यावर घेतलं.

पहिल्या पंगतीत चौघे मांडी घालून बसले. मुलीकडचा माणूस म्हणून वाढायला मीच होतो. वरण गरम होतं. गिटारवाल्याने पानावर हात आडवा धरला, "बस, भाऊ."

त्याच्या बोटांवरून मी आणखी एक पळी ओतली.