अडीच शेंगा

इंदिरानगरात मुलीच्या शिकवणीबाहेर एक बाई भाजलेल्या शेंगा विकायची. रोज दिसायची, पण नाव मी कधी विचारलं नाही. बोलतानाही तिचा हात टोपलीतल्या शेंगा सारख्या करत असायचा.

एकदा मुलीचं अडलेलं गणित मी त्या बाईजवळ बसून सोडवत होते. एकाने चाळीस टक्के पैसे मुलाला दिले, पस्तीस टक्के मुलीला. उरलेले पंधरा हजार बायकोला मिळाले, तर एकूण रक्कम किती? मी तीनदा खोडलं.

"मोठ्यानं वाचा बरं," ती म्हणाली.

मी वाचलं. तिने पोत्यावर दहा शेंगा मांडल्या. चार मुलाच्या. साडेतीन मुलीच्या, त्यासाठी एक शेंग मधोमध मोडली. राहिल्या अडीच.

"अडीच शेंगांचे पंधरा हजार, म्हंजी एकीचे सहा. दहांचे साठ हजार."

उत्तर बरोबर होतं. पण ती अजून त्या अडीच शेंगांकडेच बघत होती.

"बायकोला उरलेलंच का, ताई? आधी तिचं काढून ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?"

मग तिने त्याच शेंगा सोलून दाणे माझ्या हातावर ठेवले.

त्या संध्याकाळी ताटं वाढताना मी भाजी आधी माझ्या ताटात वाढली. हात जरा अवघडला, पण वाढली.